मोठ्या नंबरचा डोळा आणि मोतीबिंदू: शस्त्रक्रियेआधीची तयारी

चष्म्याचा नंबर उणे 6 च्या पलीकडे असेल, तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी मागचा पडदा तपासून घ्यावा. असा डोळा सर्वसाधारण 23-24 मिलिमीटरऐवजी बहुधा 26 मिलिमीटर किंवा त्याहून लांब असतो, पडदा ताणून पातळ झालेला असतो, आणि लेन्स कितीही भारी बसवली तरी पडदा साथ देईल तेवढेच दिसते. बाहुली मोठी करून कडांची तपासणी आणि मध्यभागाचा ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारा प्रकाशकिरणांचा स्कॅन), दोन्ही करावेत. बाहुली मोठी केल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून त्या दिवशी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या गर्दीतून स्वतः स्कूटर चालवत घरी येऊ नये.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असल्यास मोजमापाआधी किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारावे. कडक लेन्स अधिक दिवस काढून ठेवावी लागते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असल्यास, किंवा पूर्वी घेतली असल्यास, तेही सांगावे. डोळ्याची लांबी प्रकाशकिरणांनी मोजणाऱ्या यंत्रावर मोजून घेणे बरे, कारण पडद्यामागे फुगवटा असलेल्या डोळ्यात सोनोग्राफीचे माप चुकू शकते. लेन्सची शक्ती ठरवण्याच्या जुन्या सूत्रांनी काढलेली लेन्स लांब डोळ्यात कमी पडून प्लसचा नंबर राहतो, म्हणून बॅरेटसारख्या नव्या सूत्राने हिशेब होणार आहे का, हे निःसंकोच विचारावे.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ एका प्रश्नाला द्यावा: चष्म्याविना लांबचे हवे की जवळचे? माझ्या आत्याचा नंबर उणे 12. चष्मा कपाळावर सरकवून, सुई डोळ्यापासून जेमतेम 8 सेंटिमीटरवर धरून ती दोरा ओवायची. नंबर शून्यावर आणला असता, तर जन्मभराची ही सोय गेली असती. म्हणून तिने डॉक्टरांशी बोलून उणे 2.5 राखला, आणि आता पोथी चष्म्याविना वाचते, रस्त्यावर मात्र चष्मा लावते. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर दोन्हींच्या नंबरांत मोठी तफावत पडून चष्मा लावणे अवघड होते, तेव्हा दुसऱ्या डोळ्याची तारीखही आधीच बोलून ठेवावी.

शस्त्रक्रियेनंतर पडदा सरकण्याचा धोका अशा डोळ्यात अधिक असतो, आणि तो पुढची काही वर्षे राहतो. उत्तरायणाला गच्चीवरून आभाळाकडे पाहताना काळे ठिपके एकाएकी वाढलेले दिसले, विजेसारखी चमक दिसली किंवा कडेने सावली चढू लागली, तर सण आटोपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. त्यांचा तातडीचा फोन नंबर ठळक अक्षरांत लिहून घरात दर्शनी जागी आत्ताच चिकटवून ठेवावा.