पेटी रिकामी, रजिस्टर कोरं : मदतकामात लैंगिक शोषण रोखताना या चुका टाळा

तुर्भे स्टोअर्सच्या पुढे, खाणींच्या बाजूच्या एका वस्तीत आमच्या संस्थेचं रेशन किटचं वाटप होतं. आवराआवर चालली असताना एक बाई माझ्या सहकारी ताईंना जाता जाता म्हणाली, "ताई, पुढच्या टायमाला दुसऱ्या कुणाला पाठवा ना." ताईंनी विचारलं, का गं? "काय नाय, असंच." संध्याकाळी आमच्या फीडबॅक रजिस्टरमध्ये नोंद पडली : 'वाटपाच्या नियोजनाबाबत सूचना, १'.

खरी गोष्ट कळायला तीन महिने लागले. आमच्याच संस्थेतला एक कार्यकर्ता मुलगा पडताळणीच्या नावाखाली रात्री फोन करायचा. यादीत नाव राहायला हवं असेल तर एकटी भेटायला ये, म्हणायचा. एकीला नाही, तिघींना.

आमच्याकडे पॉलिसी होती. पोस्टर होतं, कुलूपबंद तक्रारपेटी होती, आचारसंहितेवर सगळ्यांच्या सह्या होत्या, त्याच्याही. त्या सहामाहीच्या अहवालात आम्ही 'तक्रारी : शून्य' असं लिहून पाठवलं होतं आणि निधी देणाऱ्या परदेशातल्या पार्टनरने कौतुकाचा मेल धाडला होता. तेव्हापासून ठाण्या-नवी मुंबईतल्या ओळखीच्या संस्थांचे 'पीएसईए'चे (मदतकामातलं लैंगिक शोषण रोखण्याच्या नियमांचे) कागद बघायला मिळाले की मी आधी रजिस्टर मागते. त्यातून दिसलेल्या या चुका. बऱ्याचशा आमच्याच.

"आमच्याकडे पॉश समिती आहे की!"

हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. २०१३ च्या 'पॉश', म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या, कायद्याने दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती लागते, आणि ती असणं चांगलंच. पण तिची सगळी घडण ऑफिस डोळ्यांसमोर ठेवून झालेली. मदतकामातलं शोषण घडतं ते देणारा आणि घेणारी यांच्यात, आणि घेणारी आपल्या हजेरीपटावर नसते.

गंमत म्हणजे कायदा समित्यांना वाटतो तितका अरुंद नाही. त्यातली पीडित महिला नोकरीत असलीच पाहिजे अशी अट नाही, आणि कर्मचारी कामानिमित्त जिथे जातो ती जागाही कामाचं ठिकाण धरली जाते. म्हणजे ठाण्याजवळच्या दिव्यातल्या चाळीत आपल्या माणसाने त्रास दिला तर तिथली बाईसुद्धा समितीकडे येऊ शकते. किती समित्यांच्या प्रशिक्षणात हे सांगतात? पण तरीही फट उरते. समितीला लेखी तक्रार लागते, तीही तीन महिन्यांत (समितीने ठरवलं तर आणखी तीन). आणि कायदा विचारतो की वागणं तिला नकोसं होतं का. मदतीच्या बदल्यात ती 'हो' म्हणाली असेल, तर समिती तिथेच अडखळते.

आंतरराष्ट्रीय नियम नेमके इथे कडक आहेत, आणि त्याला कारण घडलं. २००२ साली लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओनमधल्या निर्वासितांबद्दल संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था आणि सेव्ह द चिल्ड्रन यांचा अहवाल आला. धान्य, तेल, ताडपत्री अशा साध्या वस्तूंच्या बदल्यात मदत कर्मचारीच मुलींचं शोषण करत असल्याचं त्यात होतं. ऑक्टोबर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी परिपत्रक काढलं. पैसे, नोकरी, वस्तू किंवा मदतीच्या बदल्यात शरीरसंबंध बंद, तिची संमती असो वा नसो. अठराच्या खालच्या कुणाशीही संबंध बंद, आणि 'वय माहीत नव्हतं' ही सबब चालणार नाही. सहकाऱ्याबद्दल संशय आला तरी कळवणं बंधनकारक. पार्टनरशी होणाऱ्या आपल्या करारपत्राच्या शेवटी बारीक अक्षरात जी कलमं येतात, त्यांचं मूळ हे.

तेव्हा पॉश समितीला हे काम जोडून द्या हवं तर, पण तिच्या नियमावलीत 'लाभार्थींशी वागणूक' असं स्वतंत्र प्रकरण घाला. लेखी तक्रारीची आणि मुदतीची अट तिथे लावू नका.

यादी एकाच्या हातात

पोस्टर छापण्याआधी एक कागद घ्या आणि लिहा : आपल्या कार्यक्रमात 'हो' किंवा 'नाही' म्हणायची ताकद कुणाकडे आहे? यादीत नाव कोण घालतो? टोकन कोण देतो? शिलाई मशीन कुणाला मिळणार हे कोण ठरवतो? भिवंडीकडच्या वीटभट्टीवर कातकरी कुटुंबांपर्यंत पोचायला कोणत्या मुकादमाची परवानगी लागते? जिथे जिथे एकाच माणसाचं नाव येईल तिथे खूण करा. धोका तिथे आहे. बाकी सगळं नंतर.

आमचं प्रकरण इतकं साधं होतं की आता लाज वाटते. घरोघरी पडताळणीला तो एकटा जायचा. दुपारी बाराला, म्हणजे नवरा खाणीवर आणि मोठी पोरं शाळेत. यादी त्याच्या मोबाईलमध्ये, फोन नंबर त्याच्याच मोबाईलमध्ये. नाव का कापलं हे विचारायला बाईने कुणाकडे जायचं? त्याच्याचकडे. चोराच्या हाती तिजोरीची किल्ली दिली होती आम्ही, आणि वर पेटी लावून ठेवली होती.

नंतर केलेले बदल काही थोर नव्हते. पडताळणीला दोघं, त्यातली एक बाई, आणि दोघांची जोडी दर महिन्याला बदलायची. निकष आणि यादी वस्तीत भिंतीवर चिकटवायची. (एचआयव्ही किंवा हिंसाचारग्रस्त बायकांच्या कार्यक्रमात हे मुळीच करू नका, तिथे प्रत्येकीला वेगळं सांगा.) नाव कापलं तर कारण सांगणारा माणूस वेगळा. संस्थेचे दोन मोबाईल, त्यांवरूनच फोन, संध्याकाळी सहानंतर नाही. कार्यकर्त्यांच्या खासगी नंबरवर वस्तीतल्या बायकांचे व्हॉट्सॲप ग्रुप बंद. यावर आमच्याकडे केवढी तरी नाराजी झाली. "आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, मलाही एकटीला जायची परवानगी नाही. मग जरा शांत झाले.

पोस्टरवरचं मराठी

'लैंगिक शोषण व गैरवर्तनास शून्य सहनशीलता.' हे पोस्टर मी एकदा कळव्याच्या बचतगटात दाखवलं आणि विचारलं, काय लिहिलंय? एकजण म्हणाली, "एड्सचं आहे." दुसरी म्हणाली, "सरकारी आहे." पार्टनरच्या पोस्टरचा शब्दाला शब्द अनुवाद केला की असंच होणार.

शेवटी बायकांनीच वाक्यं सुचवली. 'हे किट फुकट आहे. याच्या बदल्यात पैसे, काम, भेट, फोटो, काहीही मागितलं तर तो माणूस चुकतोय. तुमची मदत बंद होणार नाही.' शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच बहुतेक पोस्टरांवर नसतं. बाई गप्प बसते ती लाजेने कमी, किट जाईल या भीतीने जास्त.

भाषेचंही बघा. एकाच गल्लीत मराठी, हिंदी, उर्दू, कन्नड बोलणारी घरं असतात. बोललेली दोन मिनिटं छापलेल्या दहा पोस्टरांपेक्षा बरी, म्हणून आम्ही प्रत्येक वाटपाच्या सुरुवातीला हे तोंडी सांगतो.

पेटीची किल्ली कुणाकडे?

तक्रारपेटीला माझा विरोध नाही, पण ती एकटी काय करणार? लिहिता यायला हवं, सगळ्यांसमोर चिठ्ठी टाकायची हिंमत हवी, आणि किल्ली ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्या दोस्ताकडे नसावी. एका ठिकाणी पेटी पानटपरीसमोर होती. टाकणारीला सगळा नाका बघणार. हेल्पलाइनचं म्हणाल तर घरातला फोन बऱ्याचदा नवऱ्याकडे असतो.

कुणाकडे बोलायला आवडेल, हे बायकांना आणि मुलींना वेगवेगळं बसवून आधी विचारा. आम्हाला उत्तर मिळालं : अंगणवाडीच्या बाई, आणि दर गुरुवारी येणाऱ्या नर्सताई. त्या दोघींना आम्ही तयार केलं : ऐकून घ्यायचं, आमच्या फोकल पॉइंटला (अशा तक्रारींसाठी संस्थेने नेमलेल्या व्यक्तीला) कळवायचं, बाकी कुणाला नाही.

आणि तक्रार तक्रारीसारखी येत नाही. ती येते 'तो दादा फार बोलतो', 'नजर बरी नाही', 'जास्तच माया करतो', 'पोरगी आता क्लासला यायची नाही' अशा वेषात. म्हणून रजिस्टरमध्ये तिचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात लिहा. वर्गवारी नंतर, दुसऱ्या माणसाने करायची. शंभरेक घरांत वर्षभर काम करून एकही कुरबुर नसेल, तर अहवालात 'शून्य' लिहिण्याआधी रस्ता कुठे बुजलाय ते शोधा.

तक्रार आल्यावरची घाई

इथे चांगल्या मनाची माणसंच जास्त नुकसान करतात. प्रकल्प समन्वयक स्वतः वस्तीत जाऊन शेजारणींना विचारतो. दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवून टाकू' म्हणतो. बाईला तीच हकिकत ताईंना, सरांना, मग अध्यक्षांना सांगायला लावतो. तोवर अख्ख्या वस्तीला कळलेलं असतं.

फोकल पॉइंटचं काम तपास करण्याचं नाही. ऐकणं, आत्ता ती सुरक्षित आहे का बघणं, काय काय करता येईल ते सांगणं, तिचे शब्द लिहून ठेवणं आणि वर कळवणं, एवढंच. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला त्या वस्तीपासून आणि कागदपत्रांपासून लगेच दूर करा. ती शिक्षा नाही, हे त्यालाही सांगा. फोन आणि याद्या संस्थेच्या ताब्यात घ्या.

उपचारांना घड्याळ असतं. बलात्कार झाला असेल तर एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. गर्भधारणा टाळायच्या गोळीला पाच दिवसांपर्यंतची मुदत. सरकारी असो की खासगी, रुग्णालयाने पीडितेवर मोफत प्राथमिक उपचार करायलाच हवेत असा कायदा आहे. 'आधी कमिटीची मीटिंग, मग बघू' असं झालं तर ही दारं बंद होतात.

मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा, कायदा लागतो आणि पोलिसांना कळवणं ऐच्छिक राहत नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. म्हणून 'मी कुण्णाला सांगणार नाही' असं वचन मुलीला कधीच देऊ नका. 'ज्यांना सांगावंच लागेल तेवढ्यांनाच सांगेन' हे खरं आहे, तेच म्हणा. सज्ञान बाईच्या बाबतीत मात्र पोलिसांत जायचं की नाही हे तिने ठरवायचं. संस्थेची कारवाई त्यासाठी थांबत नाही.

आपल्याकडची एक खास अडचण : हद्द. विटावा ठाणे पोलिसांकडे, त्याला चिकटलेलं दिघा नवी मुंबई पोलिसांकडे. रात्री अकरा वाजता बाईला घेऊन एका पोलीस ठाण्यातून दुसऱ्याकडे फिरायची वेळ येऊ देऊ नका. झिरो एफआयआर (हद्द न बघता घेतला जाणारा गुन्हा) कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे सोबत जाणाऱ्या ताईला ठामपणे सांगता यायला हवं. १०९८ (मुलांसाठी), १८१ (महिलांसाठी) आणि ११२ (तातडीच्या मदतीसाठी) हे तीन नंबर कार्यकर्त्यांच्या ओळखपत्रामागे छापून टाका.

गुपचूप राजीनामा

'मुलाचं करिअर कशाला खराब करायचं?' असं म्हणून राजीनामा घेतला जातो आणि वर अनुभवाचं गोड पत्र. मोठ्यांनीही हेच केलं. हैतीतल्या २०१० च्या भूकंपानंतरच्या कामात ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेच्या लोकांनी पैसे देऊन शरीरसंबंध ठेवल्याचा प्रकार होता. २०११ च्या अंतर्गत चौकशीनंतर काहींना काढलं, देशप्रमुखाला मात्र राजीनामा देऊ दिला. पुढे तो दुसऱ्या संस्थेतर्फे बांगलादेशात कामाला होता. हे जगासमोर आलं २०१८ मध्ये, वर्तमानपत्रातून.

त्यानंतर, २०१९ पासून, संस्थांनी एकमेकींना गैरवर्तनाची माहिती देण्याची 'मिसकंडक्ट डिस्क्लोजर स्कीम' सुरू झाली. तुम्ही तिच्यात नसाल तरी एवढं करता येतं : नेमणुकीआधी मागच्या संस्थेच्या प्रमुखाला फोन करून नेमकं विचारा, 'लाभार्थींशी वागण्याबाबत याच्यावर चौकशी झाली होती का? चालू असताना गेला का?' उमेदवाराकडून या चौकशीची लेखी संमती अर्जातच घ्या. समोरचा माणूस जिथे दोन क्षण थांबतो तिथे कान टवकारा. आमच्या त्या मुलाच्या मागच्या संस्थेला आम्ही फोन केलाच नव्हता. नंतर केला, तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "हो, जरा होतं तसं."

प्रशिक्षणाला कोण नसतं?

ड्रायव्हर, टेम्पोवरचे हमाल, वॉचमन, मानधनावरचे स्वयंसेवक, ठेकेदाराची माणसं. म्हणजे जी वस्तीत प्रत्यक्ष जातात ती. हॉटेलच्या एसी हॉलमध्ये इंग्रजी स्लाइड्स बघतात ती ऑफिसची मंडळी. काँगोमधल्या इबोलाच्या साथीतल्या प्रकाराबद्दल स्वतंत्र आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. त्यात ८३ संशयित होते, त्यातले २१ जागतिक आरोग्य संघटनेने कामावर घेतलेले. नोकरीचं आमिष हा तिथला मोठा धागा होता. आपल्याकडे 'सर्वेला लावतो', 'मानधनावर घेतो' हे शब्द किती सहज फेकले जातात ते आठवा.

दीड तास पुरतो, पण टेम्पो लावायच्या जागी, मराठी-हिंदीत, आणि प्रसंग घेऊन. 'पाणी भरायला आलेल्या मुलीला लिफ्ट दिली, चूक का?' असं विचारलं की ड्रायव्हर बोलायला लागतात. नुसती सही घेतली तर सहीच मिळते.

आणि पैसे. बहुतेक प्रस्तावांत 'पीएसईए' हा शब्द दहा वेळा असतो आणि बजेटमध्ये एकही ओळ नसते. पार्टनरकडे मागायला संकोचू नका. जोडीतल्या दुसऱ्या व्यक्तीचं मानधन, दोन मोबाईल आणि रिचार्ज, कन्नड दुभाषी, समुपदेशकाचे तास, रात्रीची रिक्षा, वकिलाची फी, बाहेरच्या चौकशी अधिकाऱ्याचं मानधन : आम्ही या सात ओळी लिहून पाठवल्या तेव्हा तिकडून फक्त एक प्रश्न आला, रात्रीची रिक्षा कशासाठी? आम्ही विटावा-दिघ्याचा नकाशा जोडून पाठवला. रिक्षा मंजूर झाली, दुभाषी अजून अडकलाय.