मुलीचं नाव ‘इरावती’ ठेवायचंय? पहिलं अक्षर सांभाळा

‘इरावती’ हे नाव कानावरून गेलेलं असतं, पण शेजारीपाजारी त्या नावाची मुलगी सहसा सापडत नाही. कुणाला समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे आठवतात, कुणाला ब्रह्मदेशातली नदी. घरात हे नाव पक्कं होऊ लागलं की अर्थ विचारला जातो आणि मोबाइलवर तीन वेगळी उत्तरं मिळतात: पाण्याने भरलेली, वीज, ऐरावताची जोडीदारीण. पहिलं बरोबर आहे. बाकीची दोन शेजारच्या नावाची आहेत. ‘इ’च्या जागी ‘ऐ’ आला की नाव बदलतं, अर्थ बदलतो, पत्रिकेतला नक्षत्राचा चरणही बदलतो. त्यामुळे हे नाव ठेवताना सगळी तपासणी पहिल्या अक्षरापासून सुरू करायची.

अर्थ कसा तपासायचा

नाव आधी फोडा: इरा + वती. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, ‘इरा’चे अर्थ एका ओळीत दिले आहेत: ‘इरा भूवाक्सुराप्सु स्यात्’. म्हणजे भूमी, वाणी, मद्य आणि पाणी. वेदात हा शब्द पोषण देणारं अन्न, पेय, तजेला या अर्थाने येतो. ‘वती’ म्हणजे जिच्यापाशी ते आहे ती. तेव्हा इरावती म्हणजे पाण्याने, अन्नरसाने भरलेली. बारशाला कुणी विचारलं तर ‘जिच्याकडे पाणी आणि अन्न भरपूर आहे ती’ एवढं सांगितलं की पुरे.

‘वती’ की ‘मती’ हा प्रश्न कुठल्याही अनोळखी नावाला लावून पाहण्याजोगा आहे. मूळ शब्दाच्या शेवटी अ किंवा आ असेल तर ‘वती’ लागतं: लीलावती, कलावती, प्रभावती. इ, उ, ओ असेल तर ‘मती’: बुद्धिमती, इंदुमती, गोमती. अपवाद आहेत, पण थोडे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात (7.99.3) द्यावापृथिवींना, म्हणजे आकाश आणि पृथ्वीला, उद्देशून ‘इरावती धेनुमती हि भूतम्’ असं म्हटलं आहे. अन्नाने भरलेल्या आणि गाईंनी भरलेल्या व्हा, असा त्याचा भाव. इरा आकारान्त म्हणून ‘वती’, धेनु उकारान्त म्हणून ‘मती’. नियमाचे दोन्ही नमुने शेजारी-शेजारी आले. यादीतून उचललेलं एखादं गोड नाव या कसोटीला उतरलं नाही, तर ते कुणीतरी नुकतंच जुळवलेलं असण्याची शक्यता बरीच.

आता विजेचं प्रकरण. अमरकोशात विजेच्या नावांत ‘ऐरावती’ आहे. शम्पा, शतह्रदा, ह्रादिनी, ऐरावती, क्षणप्रभा अशी ती ओळ जाते. ऐरावताची हत्तीण हाही ‘ऐरावती’चाच अर्थ. नावांच्या याद्या करणाऱ्यांनी दोन्ही शब्द एका खान्यात टाकले आणि पुढच्यांनी ते तसेच उतरवून घेतले. नातं मात्र खरं आहे, फक्त उलट्या दिशेचं. वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात भद्रमदेची मुलगी इरावती आणि तिचा पुत्र ऐरावत, असं येतं. म्हणजे इरावती ही ऐरावताची आई, जोडीदारीण नव्हे.

नाव कुठून कुठे आलं

वेदात ‘इरावती’ हे विशेषण म्हणून येतं. पाचव्या मंडलात (5.63.6) पर्जन्य ‘इरावतीं वाचम्’ बोलतो, पावसाने ओथंबलेली वाणी, म्हणजे गडगडाट. अर्थ सांगताना हा संदर्भ दिला तर ऐकणाऱ्यालाही तो आवडतो. ‘ऋग्वेदातली नदी’ असं मात्र सरसकट सांगू नये. पुढे इरावती म्हटल्या गेलेल्या नदीचं ऋग्वेदातलं नाव परुष्णी आहे. यास्काने निरुक्तात (वेदातल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या ग्रंथात) ‘इरावतीला परुष्णी म्हणतात’ असं सांगून दोन्ही नावं जोडली. हीच पंजाबातली आजची रावी. बोलता बोलता सुरुवातीचा ‘इ’ झिजला, मधला ‘त’ विरघळला आणि उरली रावी. (पहिलं अक्षर सांभाळा म्हणतो ते यासाठीही.)

ब्रह्मदेशातली नदी दुसरी. दोन हजार किलोमीटरहून लांब, त्या देशाची मुख्य जलवाट, आणि नाव याच घराण्यातलं. इरावती कर्वे यांचं नाव या नदीवरून ठेवलं होतं. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तिकडे नोकरीला होते, आणि 15 डिसेंबर 1905 ला त्यांचा जन्म म्यिंजान इथे झाला. मराठी घरांत हे नाव ओळखीचं झालं त्यात या एका व्यक्तीचा वाटा मोठा आहे. त्यामुळे कुणी ‘कर्व्यांवरून ठेवलंत का?’ असं विचारलं, तर उत्तर तयार ठेवा. हा प्रश्न हमखास येतो.

पुराणात आणि नाटकात आणखी दोन इरावती भेटतात. भागवतात विराटाचा मुलगा उत्तर याची मुलगी इरावती ही परीक्षिताची पत्नी, जनमेजयाची आई. दुसरी कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त आहे, अग्निमित्राची धाकटी राणी. तिसऱ्या अंकात ती मद्याच्या धुंदीत राजाबरोबर झोका घ्यायला उद्यानात येते, त्याला मालविकेशी लगट करताना पकडते आणि कमरपट्टा उगारते. ‘इरा’चा एक अर्थ मद्य आहे हे वर आलंच, कालिदासाने नाव जाणून निवडलं असेल तर खोडी चांगली साधली. संस्कृत शिकलेला एखादा काका बारशात हे काढणारच. त्यात नाव टाकून द्यावं असं काही नाही, फक्त घरातल्या थोरांना ते आधी ठाऊक असलेलं बरं.

पुल्लिंगी रूप इरावान. अर्जुन आणि उलूपीचा मुलगा. तमिळनाडूत तो अरवान म्हणून पुजला जातो आणि कूवागमचा उत्सव त्याचाच. मुलगा-मुलगी जुळी असतील आणि जोडीची नावं हवी असतील, तर हे व्याकरणाने जुळतं, कथेने नाही. युद्धाआधी बळी गेलेल्याचं नाव सगळ्यांना रुचेल असं नाही.

शास्त्राचा आक्षेप निघाला तर

मनुस्मृतीत मुलीच्या नावाबद्दल दोन गोष्टी आहेत. नाव सुखाने उच्चारता येणारं, अर्थ स्पष्ट असणारं, शेवटी दीर्घ स्वर असणारं हवं (2.33). इरावती यात बसते. पण पुढे तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष आणि नदी यांचं नाव असलेली मुलगी वधू म्हणून टाळावी असंही आहे. पारस्कर गृह्यसूत्राप्रमाणे मुलीच्या नावात विषम अक्षरं असावीत आणि शेवट ‘आ’ असावा. इ-रा-व-ती ही चार अक्षरं, शेवट ‘ई’. तिथे ती नापास.

यावर एकच उत्तर: गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा ही नावं मराठी घरांनी पिढ्यान् पिढ्या ठेवली. रोहिणी, रेवती, तुळसाही ठेवल्या.

नावरस पाहायचा असेल तर अवकहडा चक्रात (नक्षत्रांच्या चरणांना अक्षरं देणाऱ्या कोष्टकात) कृत्तिकेची अक्षरं अ, इ, उ, ए. पैकी ‘इ’ दुसऱ्या चरणाची, रास वृषभ. ‘ऐरावती’ धरलं तर ते चौथ्या चरणात जाईल. मुलीचं नक्षत्र दुसरं असेल तरी अडत नाही. नामकरणात कुलदेवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावं असतात. इरावती व्यावहारिक ठेवा, नक्षत्राचं वेगळं ठेवा.

किती प्रचलित आहे, हे कसं बघायचं

अमेरिकेत सोशल सिक्युरिटी खातं दर वर्षी पाच किंवा जास्त बाळांना दिलेल्या नावांची यादी काढतं. भारतात जन्मनोंदींतून अशी नावांची अधिकृत यादी निघत नाही. म्हणून संकेतस्थळांवर ‘लोकप्रियता 78 टक्के’ वगैरे दिसलं तर ते आकडे सोडून द्या. त्यापेक्षा आपल्या भागातल्या बालवाडीत आणि पाळणाघरात विचारा, नात्यातल्या मुलींच्या वर्गातली नावं ऐका. गुगलवर शोधायचं तर देवनागरीत, अवतरणचिन्हांत शोधा. रोमीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, शोधलंत तर नदीच्या पाठोपाठ इरावदी डॉल्फिन येतात; ओडिशाच्या चिलिका सरोवरात ते आहेत, नावाच्या शोधात त्यांचा उपयोग नाही.

एक अंदाज मात्र बांधता येतो. पूर्ण ‘इरावती’ कमी भेटते, पण ‘इरा’ हे सुटं नाव शहरांत आता बरंच ऐकू येतं. घरी लाडाने ‘इरा’ म्हणणार असाल, तर वर्गात दुसरी इरा असण्याची तयारी ठेवा. वेगळेपण टिकवायचं तर ‘इरू’ किंवा सरळ ‘रावी’ म्हणा. नदीनेही तेच केलं.

हाक मारून बघा

तीन प्रकारे म्हणा: जिन्यातून ओरडून, हळू आवाजात, आणि आडनावासकट. नावाचा ठेका लघु-गुरु-लघु-गुरु असा आहे. ‘इरावती, इरावती’ असं दोनदा म्हटलं की प्रमाणिका वृत्ताचा एक चरण तयार होतो, त्यामुळे पाळण्यात हे नाव सहज बसतं. घाईत ‘इराव्ती’ होतं, त्याला इलाज नाही. आडनाव ‘व’ने सुरू होत असेल तर जीभ अडखळते का ते पाहा.

चिडवण्याचाही विचार करावा. मराठीत ‘इरेला पेटणे’ आहे, कोकणात पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं आहे आणि ऐरावत तर आहेच. हट्टी मुलीला ‘इरेला पेटली इरावती’ हे कुणीतरी म्हणणारच. घरात ते गमतीने आधीच म्हणून झालं, तर शाळेत त्याची धार उरत नाही.

परदेशात राहणार असाल तर इंग्रजी बोलणारे पहिल्या अक्षराचा ‘आय’ करतात, ‘आयरावती’. पहिल्याच दिवशी दुरुस्त केलं तरच सुधारतं.

लिहिणं आणि कागदपत्रं

देवनागरीत ह्रस्व इ, दीर्घ ती: इरावती. ‘ईरावती’, ‘इरावति’ चूक. रोमीत ‘व’साठी डब्ल्यू की व्ही, एवढंच ठरवायचं. जुन्या मराठी वळणात डब्ल्यू दिसतो, आता व्ही जास्त. कुठलाही घ्या, पण सगळीकडे तोच. ‘त’साठी टी-एच लिहू नका, दक्षिणेत ते चालतं, आपल्याकडे ‘इरावथी’ वाचतात. आर एकच, दोन आर नदीच्या इंग्रजी नावात.

जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण नाव तेव्हाच द्यायला हवं असं नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो, 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. घाईत अर्धवट पटलेलं नाव देऊ नका. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, आधार यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो आणि एकदा घातलेलं नाव बदलणं कटकटीचं आहे. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम आहे. पूर्ण नाव लांब होतं, तेही एकदा लिहून पाहा.

दाखला छापण्याआधी मसुदा मागून दोन गोष्टी बघा. पहिली, मराठी रकाना. रोमीवरून आपोआप देवनागरी करणारी यंत्रणा ‘रा’चा काना खाते आणि ‘इरवती’ लिहून मोकळी होते. दुसरी, रोमीतलं पहिलं अक्षर. बऱ्याच टंकांत मोठा ‘आय’ आणि छोटा ‘एल’ हुबेहूब सारखे दिसतात. कागदावर नाव बरोबर वाटतं, पण संगणकात ते एलखाली लागतं आणि शोधल्यावर सापडत नाही. ओळखायची युक्ती सोपी: मजकूर नक्कल करून सगळी अक्षरं मोठी करा. पहिलं अक्षर एल झालं, तर लगेच दुरुस्ती सांगा.

तांदळात लिहिताना

बारशाला सोन्याच्या अंगठीने तांदळात नाव लिहितात. दहा इंची ताटलीला पाव किलो तांदूळ पुरे; थर जाड झाला की दाणे घसरून रेघ बुजते. आधी ‘इ’ मोठी काढा, तिची खालची वळी नीट सुटी ठेवा. मग ‘रा’ आणि ‘व’ यांत बोटभर अंतर सोडा आणि काना ताटलीचा तळ दिसेपर्यंत ओढा. तो पुसट राहिला तर ‘र’ आणि ‘व’ चिकटून ‘ख’ होतो, आणि फोटोत कायमचं ‘इखती’ उमटतं.