भूवेष्टित देशांना माल पाठवताना मार्गनिवडीतील या चुका टाळा

चाकण, भोसरी, तळेगाव या पट्ट्यातून पंप, पिठाच्या गिरण्या, ट्रॅक्टरचे सुटे भाग आणि औषधे युगांडा, रवांडा, झांबिया, नेपाळ, उझबेकिस्तान अशा देशांकडे जात असतात. या देशांना समुद्रकिनारा नाही. त्यामुळे, आपल्याच सीमेला लागून असलेला नेपाळ सोडला तर, न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर दुसऱ्या देशाच्या बंदरात उतरतो आणि तेथून रस्त्याने किंवा रेल्वेने, दुसऱ्याच देशाच्या कस्टम्सच्या देखरेखीखाली, शेकडो किलोमीटर पुढे जातो. पैसा आणि वेळ वाया जातो तो बहुतेक या दुसऱ्या टप्प्यात. तरीही नवा निर्यातदार फॉरवर्डरला (माल पोहोचवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटला) पहिल्यांदा सागरी भाडे विचारतो, तीन कोटेशन मागवतो, त्यांतले सर्वांत स्वस्त उचलतो आणि बंदराच्या पुढचे काम बायर बघून घेईल असे गृहीत धरतो. ही घाई मला अजिबात मान्य नाही, कारण तिची किंमत शेवटी त्याच निर्यातदाराच्या नफ्यातून वसूल होते.

पहिली आणि सर्वांत सार्वत्रिक चूक म्हणजे बंदर पाहून मार्ग ठरवणे. रवांडाची राजधानी किगालीचे उदाहरण घ्या. केनियातील मोंबासा बंदरामार्गे किगाली सुमारे १,७०० किलोमीटर पडते आणि वाटेत केनिया-युगांडा व युगांडा-रवांडा अशा दोन सीमा ओलांडाव्या लागतात. टांझानियातील दार-ए-सलाम बंदरामार्गे अंतर सुमारे १,५०० किलोमीटर आहे आणि सीमा एकच, टांझानिया-रवांडामधील रुसुमोची. मोंबासाचे सागरी भाडे थोडे कमी मिळाले म्हणून तो मार्ग धरणाऱ्याने दुसऱ्या सीमेची जोखीम फुकटात अंगावर घेतलेली असते. ही जोखीम कागदावरची नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये युगांडा-रवांडा सीमेवरील गटुनाची चौकी बंद झाली, ती जानेवारी २०२२ च्या अखेरीस उघडली आणि मधल्या काळात मोंबासाकडून येणाऱ्या मालाच्या ट्रकना कागितुंबा या दुसऱ्या चौकीकडून वळसा घ्यावा लागला. पश्चिम आफ्रिकेत जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये सत्तापालट झाल्यावर तर बेनिनची सीमाच बंद झाली आणि बेनिनच्या कोटोनू बंदरातून नायजरची राजधानी नियामेकडे निघालेला माल वाटेत अडकून पडला. म्हणून मी बायरच्या गोदामापासून उलट्या दिशेने मार्ग आखतो. आधी गोदाम कोणत्या गावात आहे ते पाहायचे, मग त्या गावाकडे कोणत्या सीमाचौकीतून माल येतो ते, आणि बंदर सर्वांत शेवटी.

झांबियासाठी हा हिशेब अधिकच बारकाईने करावा लागतो. दार-ए-सलामहून टुंडुमा-नाकोंदे ही एकच सीमा लागते, पण तिथे ट्रकांच्या रांगा लांबतात. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनहून निघालेला माल झिंबाब्वेमार्गे बाइटब्रिज आणि चिरुंडू अशा दोन सीमा ओलांडतो किंवा बोत्सवानातून येऊन मे २०२१ मध्ये खुल्या झालेल्या काझुंगुला पुलावरून झांबियात शिरतो. मोझांबिकमधील बैरा आणि नामिबियातील वॉल्विस बे ही बंदरेही आहेतच. भारतातून जाणाऱ्या मालाला दार-ए-सलाम समुद्रमार्गे जवळ पडते, म्हणून मी पहिला विचार त्याचा करतो. मात्र ग्राहक लिव्हिंगस्टनचा असेल, तर टुंडुमाहून संपूर्ण देश ओलांडून दक्षिण टोकाला जाण्यात काय अर्थ आहे? केवळ ‘झांबिया’ एवढ्या माहितीवर कोटेशन मागू नये आणि कोणी दिलेच तर त्यावर विसंबू नये.

दुसरी चूक बिल ऑफ लेडिंगमधील (बी. एल., म्हणजे जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीमधील) आहे आणि ती पाहून मला आजही वाईट वाटते, कारण ती टाळायला काही मिनिटे पुरतात. भोसरीतील एका उद्योजकाने युगांडाची राजधानी कंपालाला पिठाच्या गिरण्यांचा एक कंटेनर पाठवला होता. शनिवारी संध्याकाळी फॉरवर्डरने ड्राफ्ट बी. एल. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि यांनी मोबाइलवर वरवर नजर टाकून ‘ओके’ कळवले. ‘पोर्ट ऑफ डिस्चार्ज’च्या (माल उतरवण्याच्या बंदराच्या) चौकटीत मोंबासा होते, तर ‘प्लेस ऑफ डिलिव्हरी’ची (शेवटच्या ठिकाणाची) चौकट रिकामी होती. मालाच्या वर्णनाखाली ‘युगांडाकडे ट्रान्झिटमध्ये’ अशी, म्हणजे माल केनियातून फक्त पुढे जाणार असल्याची, नोंद कुठेही नव्हती. कन्साइनीचा (माल घेणाऱ्याचा) पत्ता कंपालाचा असल्यामुळे सगळे ठीक आहे असे त्यांना वाटले. जहाज मोंबासाला लागले तेव्हा मॅनिफेस्टमध्ये (जहाजावरील मालाच्या यादीत) हा माल केनियाची स्थानिक आयात म्हणून दिसू लागला.

दुरुस्तीसाठी शिपिंग लाइनला बी. एल.च्या सर्व मूळ प्रती परत हव्या होत्या. व्यवहार बँकेमार्फत असल्यामुळे त्या प्रती तोवर कंपालाच्या बँकेत पोहोचल्या होत्या. त्या परत मागवणे, नवीन बी. एल. काढणे, मोंबासात मॅनिफेस्टची दुरुस्ती करून घेणे या सगळ्यात आठवडे गेले. तेवढ्या काळात बंदराचे स्टोरेज आणि कंटेनरचे डिटेन्शन (तो मुदतीत परत न केल्याचे शुल्क) ही दोन्ही मीटर डॉलरमध्ये चालू होती. ते उद्योजक माझ्याकडे आले तेव्हा या ऑर्डरमधला सगळा नफा संपलेला होता आणि बायरने उरलेला खर्च पुढच्या बिलातून कापण्याचे पत्र पाठवले होते. ड्राफ्ट बी. एल. मी कधीही मोबाइलवर मंजूर करत नाही. तो कागदावर छापून घेतो, शेवटचे ठिकाण आणि ट्रान्झिटची नोंद या दोन ठिकाणी पेनाने खूण करतो आणि त्यानंतरच होकार कळवतो. कट-ऑफ (माल आणि कागद देण्याची अंतिम वेळ) जवळ आली म्हणून फॉरवर्डर कितीही घाई करत असला, तरी एवढे वाचन झालेच पाहिजे.

युगांडाबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पूर्व आफ्रिकेच्या सामायिक कस्टम्स व्यवस्थेत माल मोंबासात असतानाच युगांडाच्या कस्टम्सकडे घोषणापत्र भरून शुल्काचा निपटारा करावा लागतो. जहाज लागल्यावर पैशांची जुळवाजुळव करणारा बायर तुमच्या कंटेनरवर डिटेन्शन चढवतो. त्यामुळे जहाज निघण्यापूर्वीच त्याच्या एजंटचे नाव आणि तयारी यांची चौकशी करावी.

रिकामा कंटेनर परत कोण नेणार, हा प्रश्न तर बहुतेकांच्या मनातही येत नाही. शिपिंग लाइनचा कंटेनर कंपालात रिकामा झाल्यावर बहुधा मोंबासालाच परत द्यावा लागतो आणि तो परत मिळेपर्यंत फ्री डेजचे, म्हणजे बिनशुल्क दिवसांचे, घड्याळ थांबत नाही. बुकिंगच्या वेळीच ट्रान्झिटसाठी वाढीव फ्री डेज लेखी मागून घ्यावेत. तोंडी आश्वासनाला मी किंमत देत नाही. फार आतल्या भागात माल जात असेल, तर जुना कंटेनर विकत घेऊन त्यातच माल पाठवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

‘सीआयएफ कंपाला’ असे इन्व्हॉइसवर लिहू नये. सीआयएफ (किंमत, विमा आणि भाडे धरून) ही अट केवळ जलवाहतुकीसाठी आणि बंदराच्या नावासह वापरायची असते. आतल्या शहरापर्यंतची जबाबदारी घ्यायची असेल तर सीआयपी (त्या शहरापर्यंतचे भाडे आणि विमा विक्रेत्याचा) किंवा डीएपी (तिथपर्यंतची जोखीमही विक्रेत्याची) लिहावे. इन्कोटर्म्स २०२० (आंतरराष्ट्रीय व्यापारातील अटींचा संच) नुसार सीआयएफमध्ये किमान विमासंरक्षण पुरते, तर सीआयपीमध्ये व्यापक संरक्षण द्यावे लागते. विमा बायरच्या गोदामापर्यंत आहे की बंदरातच संपतो, हे पॉलिसीत शोधून पाहावे.

वजनाकडेही दुर्लक्ष होते. पूर्व आफ्रिकेच्या सामायिक कायद्यात वाहनाच्या एकूण भाराची मर्यादा ५६ टन आहे. वीस फुटी कंटेनर काठोकाठ भरून सागरी भाडे वाचवणाऱ्याला पुढे एका ट्रकवर असे दोन कंटेनर नेता येत नाहीत आणि वाचवलेले भाडे ट्रकभाड्यात जाते.

मध्य आशियाकडे इराणमार्गे माल पाठवायचा असेल तर सर्वांत आधी आपल्या बँकेला विचारावे, कारण निर्बंधांमुळे अनेक बँका आणि शिपिंग लाइन इराणच्या बंदर अब्बासचे नाव ऐकताच नकार देतात. शिवाय इराणची रेल्वे १,४३५ मिलिमीटर गेजची (रुळांमधल्या अंतराची), तर तुर्कमेनिस्तान सीमेवरील सरख्सच्या पलीकडची १,५२० ची आहे. सीमेवर माल किंवा डबा हाताळला जाणारच. म्हणून न्हावा शेवापर्यंत टिकेल एवढेच पॅकिंग करून चालत नाही. लाकडी पेटी आणि आतले लॅशिंग (माल आवळून बांधणे) दुप्पट विचाराने करावे.

इथिओपियाच्या ऑर्डरमध्ये जहाज कोणाचे हे आयातदारालाच विचारावे, कारण तेथील नियमांमुळे जिबूतीपर्यंतचे सागरी बुकिंग बहुधा त्यांच्या सरकारी नौवहन कंपनीकडेच जाते.

नेपाळ जवळचा आहे म्हणून तिथे विचार कमी केला जातो. प्रत्येक माल रक्सौल-बीरगंजमार्गे पाठवण्याची सवय अनेकांना लागली आहे. पण ग्राहक बुटवलचा असेल तर सुनौली-भैरहवा, नेपाळगंजचा असेल तर रुपैडिहा आणि विराटनगरचा असेल तर जोगबनी हीच जवळची वाट आहे. काठमांडूचा माल पावसाळ्यात पाठवताना नारायणगढ-मुग्लिंग रस्त्यावरील दरडींसाठी दिवस राखून ठेवावेत. दसैंच्या (नेपाळच्या दसऱ्याच्या) सुट्ट्यांच्या तोंडावर ट्रक सीमेवर पोहोचेल असे नियोजन तर मुळीच करू नये. त्या काळात पुण्याहून माल एक आठवडा उशिरा भरला तरी चालतो, कारण तो सीमेवर उभा राहण्यापेक्षा आपल्या गोदामात सुरक्षित असतो.