डाइव्हमास्टर व्हायचंय? आधी मास्क काढायला शिका

मालवणात दर मोसमात एखादा मुलगा विचारतोच, "दादा, सुट्टीत डाइव्हमास्टर होऊन जाईल ना?" नाही होणार रे बाबा. डाइव्हमास्टर म्हणजे स्कूबा डाइव्हिंगला आलेल्या पाहुण्यांना पाण्याखाली सांभाळून नेणारा.

पॅडी (PADI) या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमाने कोर्स सुरू करायलाच 40 डाइव्हची नोंद लागते, प्रमाणपत्राला 60. त्याआधी ओपन वॉटर, अ‍ॅडव्हान्स्ड, रेस्क्यू हे डाइव्हिंगचे आधीचे कोर्स, प्रथमोपचार, डॉक्टरांचा दाखला आणि वय 18 पूर्ण.

पोहण्याची परीक्षा हलक्यात घेऊ नका. मास्क-फिन्स (पायातले रबरी पंख) न लावता सलग 400 मीटर. शिवाय 15 मिनिटं जागेवर तरंगायचं, शेवटची दोन मिनिटं हाताचे पंजे पाण्याबाहेर. आमचं घर रापणीचं (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासेमारी करणारं), समुद्र लहानपणापासूनचा; तरी पहिल्या खेपेला 300 मीटरला मला धाप लागली. लाटांत खेळणं वेगळं, एका लयीत पोहणं वेगळं. मग दोन महिने रोज पहाटे पोहलो, तेव्हा जमलं.

मास्कचा सराव मात्र रोज करा. आधी पोहण्याच्या तलावाच्या तळाशी टेकून, मग पाण्यात मधोमध तरंगत. मास्क पूर्ण काढा, परत लावा, वरची कड कपाळावर दाबा, नजर जरा वर आणि नाकाने सावकाश श्वास सोडा. पाणी खालून निघून जातं. डोळे झोंबतात, झोंबू द्या. मी हे शेकडो वेळा केलंय.

त्याचा उपयोग सांगतो. किल्ल्याजवळ सहा मीटरवर एका पाहुण्याच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. डोळे विस्फारले, रेग्युलेटरमधून (तोंडातल्या श्वासाच्या यंत्रातून) बुडबुडे यायचे थांबले आणि तो वर झेपावला. श्वास रोखून वर गेलं की फुप्फुसातली हवा फुगते, फुप्फुस फाटू शकतं. मी त्याच्या बीसीडीचा (हवा भरायच्या तरंगण्याच्या जॅकेटचा) पट्टा पकडला, डोळ्यांसमोर हात धरून "श्वास सोड" ची खूण केली. बुडबुडे सुरू झाले, तेव्हाच हळूहळू वर नेलं. धडपडीत त्याची लाथ लागून माझाही मास्क सुटला होता. त्या क्षणी मला स्वतःच्या डोळ्यांचा विचार करावा लागला नाही, म्हणून त्याच्याकडे लक्ष देता आलं.

म्हणून पाण्यात पाहुण्याचे बुडबुडे बघत राहा, मासे नंतर. सिलिंडरचा काटा स्वतः तपासा, दुसऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेव्हा दाब आणि वायूंची गणितं पाठ करा, रेग्युलेटर उघडणाऱ्या मेकॅनिकशेजारी बसा. मी दोन पावसाळे तसाच बसलो.