मार्चचे टिकमार्क आणि एप्रिलच्या क्रेडिट नोटा

लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीच्या ऑडिटला पहिल्यांदाच निघालेल्या आर्टिकल्ससाठी, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणाऱ्यांसाठी लिहितोय. एलओडीआर (सेबीचे लिस्टेड कंपन्यांसाठीचे नियम), कंपनी कायद्याचं कलम १७७, ऑडिट कमिटी हे सगळं तुमचं वाचून झालेलं असणार. त्यात मी अडकलो नाही. मी अडकलो कट-ऑफमध्ये, म्हणजे कुठली विक्री कुठल्या वर्षात धरायची त्यात.

आर्टिकलशिपचं दुसरं वर्ष. एका कंपनीत (नाव विचारू नका) मार्चअखेरची विक्री माझ्याकडे आली. शेवटच्या पाच दिवसांची बिलं काढली. प्रत्येकाला ई-वे बिल, एलआर (ट्रकवाल्याची पावती), गेटपास, म्हणजे माल निघाल्याचे सगळे कागद. तारखा चोख. हिरव्या पेनाने धडाधड टिकमार्क केले आणि संध्याकाळी सातला फाइल सिनियर ताईंच्या टेबलावर ठेवून निघालो. जाम खूश होतो.

सकाळी ताईंनी एवढंच विचारलं, "एप्रिलच्या क्रेडिट नोटा बघितल्यास का रे?"

माल परत आला की डीलरच्या नावे रक्कम वळती करतात, ती क्रेडिट नोट. बघितल्याच नव्हत्या. काढल्या, तर मार्चमध्ये माल उचललेल्या डीलरांनीच तो परत पाठवलेला, खोक्यांची पट्टीसुद्धा न फोडता. विकला नाही तर परत घेऊ, असं सेल्सवाल्यांनी आधीच कबूल केलं होतं. म्हणजे ट्रक खरा, कागद खरे, विक्री तेवढी खोटी! परत येणार हे माहीत असलेला माल इंड एएस ११५ या हिशेबाच्या मानकाप्रमाणे विक्रीत धरताच येत नाही. तेव्हा बिलाच्या तारखेवर थांबू नका. एप्रिल-मेच्या क्रेडिट नोटा बघा, गेटवरचं इनवर्ड रजिस्टर बघा, डीलरकडून पैसे खरंच आले का ते बँकेत बघा. वार्षिक निकालाला ६० दिवस मिळतात, तेवढ्यात हे सगळं दिसतं. तिमाहीला ४५ दिवस आणि नुसता लिमिटेड रिव्ह्यू (पूर्ण ऑडिट नाही, वरवरची तपासणी), तिथे हे सहज निसटतं.

व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या तयार चेकलिस्टांवर माझा राग आहे, तो यामुळेच. सत्यम या आयटी कंपनीला २००८ मध्ये कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही, असं लिहून दिलं. सप्टेंबर तिमाहीचा ऑपरेटिंग नफा ६४९ कोटी दाखवलेला, खरा ६१ कोटी. स्वतंत्र संचालक, ऑडिट कमिटी, सगळं जागच्या जागी होतं, म्हणजे चेकलिस्टवर टिक पडलीच असती.

घाबरू नका. आर्टिकल चुकणारच, तेवढ्यासाठी वर सिनियर असतो. फक्त असा सिनियर गाठा जो फाइल उघडून बघतो. मोठ्या फर्मचं नाव बघून गेलेले माझे दोन मित्र तीन वर्षं एक्सेलच जुळवत बसले.

आमच्या त्या कंपनीने ती विक्री शेवटी उलटवली. माझे टिकमार्क मात्र ताईंनी पुसू दिले नाहीत. एकेक रेघ मारून खोडायला लावले, बाजूला सही आणि तारीख. एकूण सव्वीस होते.