जुनी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी टाकून देताना या चुका टाळा

पावसाळ्यात डिचोलीत वीज सारखी जाते-येते. चवथ जवळ आली की माझ्या दुकानात इन्व्हर्टरच्या आणि सोलर दिव्यांच्या 'मेलेल्या' बॅटऱ्या येऊ लागतात. त्यातल्या कित्येक मेलेल्या नसतातच.

मीटर 0 व्होल्ट दाखवतो म्हणून लोक बॅटरी भंगारात काढतात. फार खाली उतरली किंवा शॉर्ट झाली की आतला बीएमएसच, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, बाहेरची जोडणी तोडतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचाच चार्जर लावला की ती बऱ्याचदा जागी होते. शिशाच्या बॅटरीचा चार्जर मात्र नको. आणि बॅटरीतला एखादा सेल 2 व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून असेल, तर तो चार्ज करू नका. आतलं तांबं विरघळलेलं असू शकतं, सेल आतूनच शॉर्ट होऊ शकतो.

उलटी चूकही होते. 13.2 व्होल्ट दिसले की 'चांगली आहे' म्हणून पुढे विकतात. या बॅटरीचा व्होल्टेज शेवटपर्यंत फारसा हलत नाही, त्यामुळे नुसत्या मीटरवर विसंबू नका. पूर्ण चार्ज करून लोड लावा. 100 अँपिअर-तासांची, 12.8 व्होल्टची बॅटरी 100 वॉटच्या डीसी लोडवर साडेबारा तासांच्या आसपास चालायला हवी. सात तास चालली तरी घरातल्या दिव्यांना पुष्कळ झाली. ती मोडायची घाई कशाला?

परवा पेडण्याहून आलेला बॅटरीचा डबा उघडला. तीन सेल 3.2 व्होल्टवर, चौथा 2.4 वर, पोट फुगलेलं, नटावर हिरवा गंज. दोष एकाचा, शिक्षा चौघांना. असा फुगलेला सेल टोचू नका, दाबू नका. चार्ज उतरवायला मिठाच्या पाण्यात तर मुळीच बुडवू नका. टर्मिनल गंजतात, सेल फुटला तर आतला रासायनिक द्रव (इलेक्ट्रोलाइट) आणि पाणी मिळून विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं.

यात कोबाल्ट, निकेल नाही, म्हणून भंगारवाला शिशासारखा भाव देत नाही आणि बॅटरी कचऱ्यात जाते. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. लिथियम, तांबं, अ‍ॅल्युमिनियम, ग्रॅफाइट सगळं त्यात असतं. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करून पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. डब्यावर फुली मारलेली कचरापेटी छापलेली असते, ती बघा. विक्रेत्याकडे आग्रह धरा.

तोपर्यंत दोन्ही टर्मिनलांवर इन्सुलेशन टेप लावा. फुगलेला सेल कोरड्या वाळूच्या डब्यात, घरापासून दूर, पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवा. शिशाच्या बॅटऱ्यांत मिसळू नका. वर मोठ्या अक्षरांत 'लिथियम' लिहा.