नववी-दहावीची भौतिकशास्त्राची सूत्रे: पाठ किती करायची, काढायची किती

कोल्हापुरातील मराठी आणि सेमी इंग्रजी माध्यमाच्या मुलांना नववी-दहावीचे विज्ञान शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे, आणि पहिल्या घटक चाचणीच्या सुमारास जवळजवळ प्रत्येकाच्या दप्तरात सूत्रांची एक छोटी वही मला दिसते. वहीला माझा विरोध नाही. परंतु सूत्र कोणत्या अटीवर लागू होते आणि उत्तर कोणत्या एककात येते, हे त्या वहीत क्वचितच लिहिलेले असते. सूत्र, अट आणि एकक या तिन्ही गोष्टी एकत्र लिहिण्याची सवय लागली की कोणते सूत्र कशातून निघते हेही दिसू लागते आणि पाठ करण्याची यादी बरीच लहान होते. नववीत नव्याने आलेल्यांसाठी ही यादी कशी लहान करावी, ते येथे सांगते.

सुरुवात गतीपासून करू. गतीविषयक तीन समीकरणांपैकी पहिले, म्हणजे अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ, ही त्वरणाची व्याख्याच वेगळ्या मांडणीत आहे. विस्थापन = सरासरी वेग × काळ हे दुसरे विधान घ्या आणि वेग एकसारखा वाढत असल्यामुळे सरासरी वेग हा सुरुवातीच्या व अंतिम वेगांच्या बेरजेच्या निम्मा असतो एवढे ध्यानात ठेवा; बाकीची दोन्ही समीकरणे यातूनच निघतात. अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन या तिसऱ्या समीकरणाला निम्म्या वस्तुमानाने गुणले की बलाने केलेले कार्य आणि गतिज ऊर्जेतील वाढ यांचा संबंध समोर येतो. ‘कार्य आणि ऊर्जा’ या प्रकरणातील गतिज ऊर्जेचे सूत्र, म्हणजे अर्धे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, वेगळे घोकावे लागत नाही ते यामुळेच. अट मात्र विसरू नये: गती सरळ रेषेत आणि त्वरण एकसमान असले पाहिजे. बिंदू चौकातून रंकाळ्याकडे निघालेल्या केएमटीच्या बसला ही समीकरणे लावता येत नाहीत, कारण ती थांबते, वळते आणि तिचे त्वरण सतत बदलते. तेथे एकूण अंतर भागिले एकूण वेळ अशी सरासरी चालच काढता येते.

दहावीच्या पहिल्या प्रकरणात कॅपिटल जी आणि स्मॉल जी यांची गल्लत सर्वाधिक होते. कॅपिटल जी हा गुरुत्व स्थिरांक विश्वात सर्वत्र सारखाच मानला जातो. त्याची किंमत ६.६७ गुणिले १० चा उणे ११ वा घात असून एकक न्यूटन-मीटर वर्ग प्रति किलोग्रॅम वर्ग आहे. स्मॉल जी हे गुरुत्व त्वरण जागेनुसार बदलते, आणि ते कॅपिटल जी गुणिले पृथ्वीचे वस्तुमान भागिले पृथ्वीच्या त्रिज्येचा वर्ग असे काढता येते. हे उदाहरण प्रत्येकाने एकदा हाताने सोडवावे असा माझा आग्रह असतो. वस्तुमान ६ गुणिले १० चा २४ वा घात किलोग्रॅम आणि त्रिज्या ६.४ गुणिले १० चा ६ वा घात मीटर घेतली, तर घातांची बेरीज-वजाबाकी होऊन उत्तर ९.७७ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. पुस्तकात अन्यत्र ९.८ दिलेले असल्याने मुले गोंधळतात. पण पृथ्वी अगदी गोल नाही आणि ती स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्तावर हे मूल्य सुमारे ९.७८, तर ध्रुवांवर सुमारे ९.८३ असते. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने आपल्याकडेही ते ९.७८ च्या आसपासच येते. पन्हाळा शहरापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे, तरी तेथे जाऊन फरक पडतो तो तिसऱ्या दशांश स्थळी. परीक्षेत ९.८ घ्यायचे की १०, हे प्रश्नात दिले असेल त्याप्रमाणे ठरवावे. मुक्तिवेगही याच साखळीत येतो: २ × स्मॉल जी × त्रिज्या यांचे वर्गमूळ काढले की ११.२ किलोमीटर प्रति सेकंद हे उत्तर मिळते.

स्थिरांकांविषयी एक गोष्ट मुलांना सांगायला मला आवडते. प्रकाशाचा निर्वातातील वेग २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद हा १९८३ पासून व्याख्येनेच निश्चित केलेला आहे आणि मीटरची लांबी त्यावरून ठरते. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही प्लँकच्या स्थिरांकावरून ठरवला जातो. याउलट हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ मध्ये ज्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले आणि ज्यातून पुढे कॅपिटल जीची किंमत काढता आली, तो प्रयोग आज कितीतरी सुधारित साधनांनी होत असूनही ही किंमत पाचव्या अंकाच्या पुढे खात्रीने सांगता येत नाही. गुरुत्वीय बल प्रयोगशाळेतील गोळ्यांमध्ये किती क्षीण असते, याची कल्पना त्यावरून येते. दहावीच्या उदाहरणांसाठी अर्थात ३ गुणिले १० चा ८ वा घात आणि ६.६७ पुरेसे आहेत.

उष्णतेच्या प्रकरणात तीन आकडे पाठच असावेत: पाण्याची विशिष्ट उष्माधारकता १ कॅलरी प्रति ग्रॅम अंश सेल्सिअस, बर्फ वितळण्याचा अप्रकट उष्मा ८० आणि पाण्याच्या बाष्पनाचा ५४० कॅलरी प्रति ग्रॅम. यांचे खरे मोल समजण्यासाठी दिवाळीनंतर करवीर किंवा कागल तालुक्यातील एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन यावे. काहिलीत, म्हणजे गूळ करण्याच्या मोठ्या कढईत, उसाचा रस असतो आणि त्यात बहुतांश पाणी असते. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० कॅलरी लागतात. तेच पाणी वाफ होऊन जायला ५४० लागतात, म्हणजे साडेसातपटींहून अधिक. रसाला उकळी आली तरी जळव्या, म्हणजे जाळ घालणारा माणूस, चुलवाणात तासन्‌तास चिपाडे सारत का बसतो, हे या दोन आकड्यांच्या तुलनेत दिसते. वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता × तापमानातील फरक हे सूत्र तापमान बदलत असतानाच चालते. अवस्था बदलताना तापमान स्थिर राहते आणि तेथे वस्तुमान × अप्रकट उष्मा हे सूत्र लागते. बर्फापासून वाफेपर्यंतच्या उदाहरणात प्रत्येक टप्पा वेगळ्या ओळीवर लिहिला तरच गुण हाती लागतात. १०० अंश हा उत्कलनबिंदूही एक वातावरण दाबाचा आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असलेल्या कोल्हापुरात पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते.

विजेत पाया दोनच सूत्रांचा: विभवांतर = विद्युतधारा × रोध, आणि शक्ती = विभवांतर × विद्युतधारा. ओहमच्या नियमाची अट अशी की तापमान व इतर भौतिक स्थिती कायम हवी. १०० वॅटच्या जुन्या पद्धतीच्या बल्बचा रोध २३० व्होल्टवर जळत असताना ५२९ ओहम निघतो. तोच बल्ब थंड असताना मोजला तर रोध कितीतरी कमी भरतो. रोध वाढला की उष्णता वाढते की घटते, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो आणि तो उत्तम प्रश्न आहे, कारण विद्युतधारेचा वर्ग × रोध × काळ या सूत्रात रोध वर आहे, तर विभवांतराचा वर्ग × काळ भागिले रोध या सूत्रात तो खाली आहे. उत्तर असे की काय कायम आहे ते आधी पाहावे. एकसर जोडणीत विद्युतधारा सर्वांमधून सारखी जाते, म्हणून जास्त रोधाचा घटक अधिक तापतो. घरच्या समांतर जोडणीत विभवांतर सारखे असते, म्हणून कमी रोधाचे उपकरण अधिक तापते. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर विद्युतधारा घेतो, आणि म्हणूनच त्याला ६ अँपिअरचा नव्हे, तर १६ अँपिअरचा प्लग लागतो. महावितरणच्या बिलातील एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात ३६ लाख ज्यूल, हे ऊर्जेचे एकक आहे, शक्तीचे नव्हे.

भिंगांच्या प्रकरणात सूत्र सोपे आणि चिन्हे अवघड असतात. नववीच्या आरशाच्या सूत्रात प्रतिमेच्या व वस्तूच्या अंतरांच्या व्यस्तांची बेरीज आहे, दहावीच्या भिंगाच्या सूत्रात वजाबाकी. दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवावीत. २० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगापुढे ३० सेंटिमीटरवर वस्तू असेल तर वस्तूचे अंतर उणे ३०, प्रतिमेचे अंतर अधिक ६० आणि विशालन उणे २ येते; हे उणे चिन्हच प्रतिमा उलटी असल्याचे सांगते. भिंगाची शक्ती काढताना नाभीय अंतर मीटरमध्येच घ्यावे, म्हणजे १ भागिले ०.२, अर्थात अधिक ५ डायॉप्टर.

ध्वनीविषयी एवढेच की त्याचा हवेतील वेग तापमानावर अवलंबून असल्याने ० अंशांना सुमारे ३३१ आणि २२ अंशांना सुमारे ३४४ मीटर प्रति सेकंद घ्यावा.

अकरावीला विज्ञान शाखा घेणार असाल तर दहावीच्या सुट्टीत नव्या सूत्रांच्या मागे लागण्यापेक्षा दहाच्या घातांचे गुणाकार-भागाकार आणि लॉग टेबल वापरण्याचा सराव करावा, कारण बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. त्वरण बदलते असेल तर काय करायचे, हे कलनशास्त्रासोबत तेथे येईलच, आणि नववीची तीन समीकरणे त्यातूनच पुन्हा काढून दाखवली जातील.